शाळेतला रेकन्सिलिएशन वीक: ऑस्ट्रेलियातल्या मराठी पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

मे महिना उजाडला की पालकांच्या गटांवर तेच तेच प्रश्न फिरायला लागतात. फॉर्म काय भरायचा, मुलाला काय घालून पाठवायचं, ‘सॉरी’ कशाबद्दल म्हणायचं. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज लागते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. रेकन्सिलिएशन वीक कधी असतो आणि त्याच तारखा का?

दरवर्षी २७ मे ते ३ जून. तारखा ठरलेल्या आहेत, वार काहीही येवो. २७ मे १९६७ रोजी ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ लोकांबाबत राज्यघटना बदलण्यासाठी सार्वमत झालं (प्रश्न ४). ३ जून १९९२ रोजी ‘माबो’ खटल्याचा निकाल लागला. टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे एडी कोइकी माबो आणि त्यांचे साथीदार दहा वर्षं लढले आणि इंग्रज आले तेव्हा ही जमीन कोणाचीच नव्हती हा समज हायकोर्टाने मोडीत काढला. निकाल ऐकायला माबो नव्हते, ते त्याच वर्षी जानेवारीत गेले. या निकालावरूनच १९९३ चा नेटिव्ह टायटल, म्हणजे जमिनीवरचा मूळ लोकांचा परंपरागत हक्क मानणारा कायदा आला. आठवड्याच्या आदल्या दिवशी, २६ मे रोजी, सॉरी डे असतो (प्रश्न १६). हा आठवडा १९९६ पासून पाळला जातो.

२. ‘रेकन्सिलिएशन’ला मराठीत काय म्हणायचं? आजी-आजोबांना सांगताना अडतं.

‘समेट’ म्हणू नका. समेट दोन भांडखोरांत होतो आणि दोघेही थोडे थोडे चुकलेले असतात. इथे एकाने जमीन घेतली, दुसऱ्याची गेली. ‘दिलजमाई’ लग्नघरातली वाटते. ‘सलोखा’ बरा, पण वर्तमानपत्रांनी त्याला शांतता समितीच्या बैठकीचा वास लावून ठेवला आहे. आजी-आजोबांना एक वाक्य सांगा: “जे झालं ते खरं खरं कबूल करायचं आणि मोडलेलं नातं नीट करायचं.” एवढं बोलून झाल्यावर ‘सलोखा’ वापरला तरी चालतो. क्रम मात्र तोच ठेवा, आधी कबुली, मग नातं.

३. मग जुलैतला नेडॉक वीक वेगळा का? दोनदा तेच का करतात?

तेच नसतं. नेडॉक वीक जुलैच्या पहिल्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत असतो आणि त्यात ॲबोरिजिनल व टोरेस स्ट्रेट आयलंडर लोकांची संस्कृती आणि कर्तृत्व साजरं होतं. रेकन्सिलिएशन वीकमध्ये बाकीच्यांनी काय करायचं यावर भर असतो. पहिला उत्सव आहे, दुसरा गृहपाठ. बऱ्याच राज्यांत जुलैचा पहिला आठवडा सुट्टीत जातो, म्हणून शाळा नेडॉक दुसऱ्या टर्मच्या शेवटी किंवा तिसऱ्या टर्मच्या सुरुवातीला उरकतात. शाळेच्या पत्रकातली तारीख वेगळी दिसली तर ती चूक नव्हे.

४. १९६७ च्या सार्वमताने ॲबोरिजिनल लोकांना मताधिकार मिळाला ना? मुलाच्या प्रोजेक्टमध्ये तसं लिहिलंय.

नाही. ही चूक मोठ्यांच्या भाषणांतही असते, त्यामुळे मुलाला रागावू नका, फक्त दुरुस्त करा. केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क सगळ्यांना १९६२ मध्ये मिळाला. राज्यांपैकी क्वीन्सलँड सर्वांत शेवटी, १९६५ मध्ये आलं. १९६७ मध्ये घटनेतल्या दोन गोष्टी बदलल्या. एक, राज्यांतल्या ॲबोरिजिनल लोकांसाठी केंद्राला कायदे करता येत नव्हते, ते करता येऊ लागले. दोन, लोकसंख्या मोजताना त्यांना धरायचं नाही असं सांगणारं कलम १२७ काढून टाकलं. बाजूने मतं पडली ९०.७७ टक्के. आधी त्यांची नोंद ‘वनस्पती आणि प्राणी’ कायद्याखाली होती, हे वाक्यही प्रोजेक्टमध्ये सापडलं तर खोडा. तसा कायदा नव्हता.

५. कितव्या इयत्तेत काय शिकवतात?

राष्ट्रीय अभ्यासक्रमात हा सुटा विषय नाही. तो सगळ्या विषयांतून फिरतो. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया स्वतःचा आराखडा वापरतात, त्यामुळे इयत्ता एखाद्याने मागेपुढे होते. साधारण असं: बालवर्ग ते दुसरीत आपण कोणाच्या भूमीवर आहोत, झेंडे, गोष्टी, गाणी. तिसरीत राज्यांच्या नकाशाशेजारी फर्स्ट नेशन्सचा, म्हणजे इथल्या मूळ समाजांचा नकाशा येतो. चौथी महत्त्वाची. १७८८ मध्ये इंग्रजांचा अकरा जहाजांचा ताफा आला, त्याआधी इथे किती वेगवेगळे समाज होते आणि नंतर त्यांचं काय झालं, हे त्या वर्षी येतं. पाचवीत वसाहती. सहावीत १९०१ चं संघराज्य आणि नागरिकत्व कोणाला मिळालं, कोणाला नाही. घरी अवघड प्रश्न येतात ते चौथीत आणि सहावीत.

६. ॲबोरिजिनल, इंडिजिनस, फर्स्ट नेशन्स... कोणता शब्द वापरायचा? मराठीत सरळ ‘आदिवासी’ म्हटलं तर?

सर्वांत चांगलं म्हणजे त्या समाजाचं नाव: वुरुंजेरी, गॅडिगल, नूंगार. ते माहीत नसेल तर ‘ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोक’ किंवा ‘फर्स्ट नेशन्स’. हे दोन वेगळे समूह आहेत. टोरेस स्ट्रेटचे लोक बेटांवरचे, समुद्राचे, त्यांचा झेंडाही वेगळा (प्रश्न १३). ‘ॲबोरिजिनी’ हे जुनं नाम आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत होतं, ते आता वापरत नाहीत. त्याचं आखूड केलेलं रूप तर शिवी आहे. पूर्ण नावाची आद्याक्षरंही बोलताना-लिहिताना वापरू नका.

‘आदिवासी’चा अर्थ जुळतो, पण मराठी कानाला त्या शब्दातून वारली, कातकरी, भिल्ल, गोंड दिसतात आणि सोबत आपले पूर्वग्रहही येतात. म्हणून मराठी वाक्यातही ‘ॲबोरिजिनल’च ठेवा. आणि फोनवर गावी बोलताना सहज निघणारं “इथले ते काळे लोक” पूर्ण बंद करा. मूल ऐकत असतं आणि सोमवारी वर्गात बोलून दाखवतं.

जाता जाता: विज्ञानाच्या तासाला ‘गोंडवाना’ हा प्राचीन महाखंड येईल. ते नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलं आहे आणि आपला पूर्व विदर्भ त्यात येतो. वर्गात सांगायला मुलाला आवडेल.

इंग्रजी गृहपाठात एक बारीक गोष्ट हमखास चुकते. ॲबोरिजिनल, इंडिजिनस, एल्डर (समाजातले मानाचे ज्येष्ठ), कंट्री (त्या समाजाची भूमी) हे शब्द या संदर्भात मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होतात. देवनागरीत मोठं अक्षर नसल्याने घरी तपासताना ते आपल्या डोळ्याला खटकत नाही.

७. ॲडमिशन फॉर्मवर “विद्यार्थी ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर वंशाचा आहे का?” असं विचारलंय. आम्ही भारतात अनुसूचित जमातीचे आहोत. ‘हो’ लिहायचं का?

‘नाही’ लिहायचं. प्रश्न फक्त ऑस्ट्रेलियाच्या मूळ लोकांबद्दल आहे. भारतातलं जमातीचं प्रमाणपत्र इथे लागू नाही, मग तुम्ही गडचिरोलीचे गोंड असा की जव्हारचे वारली. सरकारी कामात इथे तीन गोष्टी पाहिल्या जातात: वंश, स्वतःची ओळख आणि समाजाने दिलेली मान्यता. ‘इंडिजिनस म्हणजे स्वदेशी, आपण तर अस्सल भारतीय’ अशा समजुतीने खूण केली गेली असेल तर शाळेच्या ऑफिसला ईमेल करून दुरुस्त करून घ्या. त्या नोंदीवरून शाळेला निधी आणि मुलाला जादा मदत ठरते, म्हणून ती तशीच सोडू नका.

८. आम्ही कोणाच्या भूमीवर राहतो ते कसं शोधायचं?

आधी शाळेच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी पाहा, बहुतेक तिथेच असतं. नसेल तर तुमच्या कौन्सिलची साइट. पूर्ण देशाचा रंगीत नकाशा हवा असेल तर कॅनबेराच्या आयात्सिस संस्थेचा आहे. वर्गाच्या भिंतीवर बहुधा तोच असतो. त्याच्या सीमा मुद्दाम पुसट काढल्या आहेत, म्हणून घराचा पत्ता टाकून ‘रेघेच्या या बाजूला की त्या’ असं त्यात बघू नका.

मोठ्या शहरांपुरतं: सिडनीचा मध्यभाग गॅडिगल, पॅरामाटा आणि हॅरिस पार्क धारुग लोकांतल्या बरामाटागल कुळाचं, ॲडलेड कौर्ना, पर्थ व्हॅजुक नूंगार, ब्रिस्बेन टुरबल आणि यगेरा, कॅनबेरा ङुनावल. पॅरामाटा हे नावच ‘बरामाटा’वरून आलं आहे, म्हणजे ईल माशांची जागा. तिथल्या फुटबॉल क्लबला ‘ईल्स’ का म्हणतात हे सिडनीच्या मुलाला एका दमात कळतं.

९. शाळेच्या पाटीवर वुरुंजेरी आहे आणि कौन्सिल म्हणतं बुनुरुंग. खरं कोणतं?

मेलबर्नमध्ये हे होतं. १ जुलै २०२१ रोजी व्हिक्टोरियाच्या ॲबोरिजिनल हेरिटेज कौन्सिलने वुरुंजेरी वॉय-वुरुंग आणि बुनुरुंग यांच्या कारभाराच्या सीमा ठरवल्या आणि ती रेघ शहराच्या पोटातून जाते. रिचमंड, हॉथॉर्न वुरुंजेरीकडे. सेंट किल्डा, अल्बर्ट पार्क बुनुरुंगकडे. त्याआधी रंगवलेल्या पाट्या आणि छापलेल्या डायऱ्या काही ठिकाणी जुन्याच आहेत. टार्नीट, पॉइंट कुक भागात, म्हणजे विंडम कौन्सिलमध्ये, बुनुरुंग, वाडावुरुंग आणि वुरुंजेरी अशी तीन नावं घेतली जातात. मुलाने दोन नावं पाहिली तर शिक्षिकेला विचारायला सांगा. स्वतः पाटी बदलायची मोहीम काढू नका, ते त्या समाजांनी आणि शाळेने बघायचं.

स्पेलिंग वेगळं असणं ही मात्र निराळी गोष्ट. गॅडिगल आणि कॅडिगल, धारुग आणि दारुग एकच. यातल्या बहुतेक भाषांत क-ग किंवा त-द असा भेदच नाही, त्यामुळे ऐकणाऱ्या इंग्रजाने जे कानावर पडलं ते लिहिलं.

१०. ही नावं उच्चारताना जीभ अडखळते. मुलाला कसं शिकवू?

इंग्रजी स्पेलिंगवरून वाचू नका. ऐका आणि देवनागरीत लिहून घ्या. मराठी जिभेला इथे फायदा आहे. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक मूळ भाषांत ट, ण, ळ सारखे मूर्धन्य वर्ण आहेत, जे इंग्रजीला जमत नाहीत. देशाच्या मध्यावरच्या उलुरू या मोठ्या खडकाच्या परिसरातले लोक स्वतःला जे म्हणवतात ते आपल्या लिपीत सरळ ‘अणङु’ असं लिहिता येतं. इंग्रजीत तो ‘ण’ दाखवायला एन या अक्षराखाली रेघ मारावी लागते. कौर्ना या नावातली आर-एन ही जोडीही मुळात ‘ण’साठीच आहे, फक्त शहरात त्याचा ‘गार्ना’ होऊन बसला आहे.

आणि ङ! क ख ग घ म्हणताना आपण तो पाठ करतो, पण त्याने सुरू होणारा एक शब्द मराठीत नाही. कॅनबेराच्या ङुनावल लोकांचं नाव त्यानेच सुरू होतं. मुलाला आधी ‘अंग’ म्हणायला लावा, मग शेवटचा ‘ग’ न सोडता तिथेच थांबवा, आणि त्या जागेवरून ‘उ’ म्हणायला सांगा. चार-पाचदा केलं की येतो. वर्गात तुमच्या मुलाचा उच्चार शिक्षिकेपेक्षा सरस निघू शकतो. तिथल्या एल्डरने वेगळा उच्चार केला तर मात्र तोच बरोबर, आपलं व्याकरण बाजूला ठेवायचं.

११. ‘वेलकम टू कंट्री’ आणि ‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’ यात फरक काय?

वेलकम फक्त त्या भूमीचे लोक करू शकतात, बहुधा त्यांच्यातले एल्डर. घरच्याने पाहुण्याला ‘या’ म्हणावं तसं. ॲक्नॉलेजमेंट कोणीही करू शकतं: मुख्याध्यापक, सात वर्षांची मुलगी, तुम्ही. आपण पाहुणे आहोत याची ती नोंद. वर्गातल्या मुलाने “मी वेलकम केलं” असं घरी सांगितलं तर तो शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करा.

कोकणातल्या माणसाला हे लवकर कळतं. गावात काही करायचं तर आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. साम्य इतकंच आहे की जागा आपल्या आधी कोणाची तरी आहे. पुढे साम्य थांबतं: इथे ज्यांचं नाव घेतो ते देव नाहीत. ती हयात माणसं आहेत आणि शेजारच्या गल्लीत राहत असतील.

वेलकमला येणाऱ्या एल्डरना मानधन द्यायचं असतं. पालक समितीत ‘आशीर्वाद द्यायला पैसे कशाला’ असा सूर निघतो. त्यांचं ज्ञान आणि वेळ हे काम आहे. बजेटमध्ये ओळ ठेवा, आणि मेच्या अखेरीस हवं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारणा करा, कारण त्या आठवड्यात सगळं शहर त्यांनाच बोलावत असतं. त्यांना ‘आंटी’ किंवा ‘अंकल’ म्हणतात ते ऐकून आपली मुलं लगेच काका-मावशी करायला लागतात. हा मान समाजाने दिलेला असतो. मुलाने त्यांना काय म्हणायचं ते आधी शिक्षिकेला विचारा.

१२. मुलीला असेंब्लीत ॲक्नॉलेजमेंट म्हणायचं आहे. आणि आमच्या मंडळाच्या गणपतीत ते मराठीत म्हणता येईल का?

असेंब्लीसाठी शाळेचा मसुदा असेल तर तोच. तीन वाक्यं पुरतात. लोकांचं नाव दहा वेळा वेगळं म्हणून घ्या, मग वाक्यात. कागद हातात असू द्या, पाठांतराची स्पर्धा नाही. इथे सर्रास चुकतं ते एकच: नावावर घाई होते आणि ‘रिस्पेक्ट’ शब्दावर जोर येतो. उलटं हवं.

मंडळात मराठीत जरूर म्हणा. उदाहरणार्थ: “आज आपण बुनुरुंग लोकांच्या भूमीवर जमलो आहोत. हजारो वर्षं त्यांनी ही जमीन, हे पाणी सांभाळलं आणि तिच्यावरचा हक्क कधी सोडला नाही. त्यांच्या होऊन गेलेल्या आणि आजच्या ज्येष्ठांना आमचा आदरपूर्वक नमस्कार.” दीपप्रज्वलनाच्या आधी घ्या. प्रायोजकांच्या यादीनंतर घेतलं की उरकल्यासारखं होतं. सभागृह दुसऱ्या उपनगरात असेल तर घराचं नव्हे, सभागृहाच्या जागेचं नाव तपासा (प्रश्न ८).

१३. झेंडा काढताना काय चुकतं?

ॲबोरिजिनल झेंडा: वर काळा, खाली लाल, मध्ये पिवळं वर्तुळ. मुलं लाल वर घेतात. काळा म्हणजे लोक, लाल म्हणजे माती आणि गेरू, पिवळा सूर्य. लोक मातीवर उभे आहेत एवढं सांगितलं की उलटा होत नाही. लुरिचा समाजाचे हॅरोल्ड थॉमस यांनी तो केला आणि ९ जुलै १९७१ रोजी ॲडलेडच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये तो पहिल्यांदा फडकला. त्याचा स्वामित्वहक्क जानेवारी २०२२ मध्ये सरकारने विकत घेतला, तेव्हापासून टी-शर्टवर वगैरे छापायला परवानगी लागत नाही.

टोरेस स्ट्रेटचा झेंडा बर्नार्ड नामोक यांनी १९९२ मध्ये केला. वर-खाली हिरवे पट्टे, मध्ये निळा, त्यांच्यामध्ये काळ्या रेघा, आणि मधोमध पांढरं ‘धारी’ हे शिरोभूषण व पाच टोकांचा तारा. हा वर्गात काढायला हरकत नाही, पण छापून विकायचा तर तिथल्या प्रादेशिक कौन्सिलची परवानगी लागते. शाळेच्या मेळ्यात बिल्ले विकणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

सॉरी डेचं फूल जास्वंदीचं असतं. आपली मुलं गणपतीची लालभडक जास्वंद काढतात. इथली देशी जास्वंद जांभळट, पाच पाकळ्यांची. पेन्सिल बदला.

१४. वेशभूषेसाठी ‘ट्रायबल’ कपडे आणि चेहऱ्यावर रंग केला तर चालेल ना? शाळेत डॉट पेंटिंग तर करतात.

वेशभूषा नको. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनात पानांचे घागरे घालून ‘आदिवासी नृत्य’ बसवायची सवय आहे, ती इथे आणू नका (तिथेही सोडायला हरकत नाही). अंगावरचे रंग आणि नक्षी कुळाची, विधीची असते. समाजातलं कोणी येऊन स्वतः मुलांना रंगवत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी शाळेचा गणवेश किंवा शाळेने सांगितलेला रंग, बस.

चित्रांचं उत्तर ‘बघून ठरवा’ असं आहे. ठिपक्यांची कॅनव्हासवरची शैली १९७० च्या दशकात मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्यामधून पुढे आली. मेलबर्नच्या कुलिन लोकांची परंपरागत नक्षी रेघांची आहे. म्हणजे कुलिन लोकांबद्दल शिकताना कासवावर ठिपके मारणं म्हणजे महाराष्ट्राचा धडा घेऊन मधुबनी काढण्यासारखं झालं. वारली चित्रांचं आपण पाहिलंच आहे: चादरीपासून कपापर्यंत सगळीकडे आकृत्या, आणि काढणाऱ्याचा पत्ता नाही. मुलाने कोण्या चित्रकाराचं पाहून शिकावं, त्याचं नाव आणि समाज खाली लिहावा, खुणांची नक्कल न करता स्वतःच्या अंगणाचं, ओढ्याचं चित्र काढावं.

डिजरिडूबाबतही तेच. तो उत्तरेकडचा, योल्ङु लोक त्याला यिडाकी म्हणतात. सगळ्या देशाचं वाद्य म्हणून पुठ्ठ्याच्या नळ्या वाटल्या जात असतील तर शिक्षिकेला नम्रपणे विचारा की स्थानिक लोकांचं काय होतं.

१५. ‘ड्रीमिंग’च्या गोष्टी म्हणजे त्यांच्या पुराणकथाच ना?

‘मिथ’ किंवा ‘दंतकथा’ म्हणू नका. गणपतीला वर्गात कोणी ‘मिथ’ म्हटलं की आपल्या मुलाचा चेहरा कसा होतो, ते आठवा. ‘स्वप्नकाळ’ हे भाषांतरही फसवं. तो झोपेतला भाग नाही आणि संपलेला काळही नाही. त्यात जमिनीची घडण, नात्यांचे नियम, पाणी कुठे सापडेल हे सगळं येतं. प्रत्येक गोष्टीला मालक आहे: मेलबर्नकडे सृष्टी घडवणारा गरुड बुंजिल आणि कावळा वा, दुसरीकडे दुसरं काही. मुलाने गोष्ट सांगताना ती कोणत्या लोकांची हे आधी म्हणायचं. शेवट बदलून ‘माझी ड्रीमिंग गोष्ट’ लिहा असा गृहपाठ आला तर प्राण्याची साधी गोष्ट लिहू देता का, असं विचारा. समजूतदार शिक्षक ‘हो’ म्हणतात.

१६. सहा वर्षांच्या मुलाने विचारलं, “मलापण पोलीस घेऊन जातील?” स्टोलन जनरेशन्सबद्दल किती सांगायचं?

त्या रात्री आधी उत्तर, मग इतिहास: “नाही. तो कायदा आता नाही. तू आमच्याजवळच राहणार.” दोन दिवस पुन्हा विचारेल, तेच शब्द पुन्हा सांगा.

मग वयाप्रमाणे. पाच ते सात: फार पूर्वी सरकारने काही मुलांना आई-बाबांपासून दूर नेलं, ते चूक होतं, म्हणून देशाने माफी मागितली. आठ ते दहा: साधारण १९१० ते १९७० या काळात ॲबोरिजिनल मुलांना घरातून काढून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवलं, भाषा बोलू दिली नाही, कित्येकांना आई पुन्हा भेटली नाही. चौकशीचा अहवाल २६ मे १९९७ रोजी संसदेत मांडला गेला, त्यावरून सॉरी डे. पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. अकरा-बारा: दहात एक ते तीनात एक इतकी मुलं नेली गेली असा त्या अहवालाचा अंदाज होता, आणि आज साठी-सत्तरीत असलेली ती माणसं हयात आहेत.

‘फार पूर्वी’ हा शब्द मोठ्या मुलासमोर मात्र वापरू नका. १९७० म्हणजे आजोबांच्या तरुणपणी.

मराठी घरात एक दाखला जवळचा आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी अशा कित्येक समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी लावली. मुलांना आई-वडिलांपासून वेगळं काढायची तरतूदही पुढे त्यात आली. सोलापुरात त्या वसाहतीच्या जागेला अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. साम्राज्य तेच होतं. सहावीच्या मुलाला हे जोडून सांगितलं तर विषय परका राहत नाही.

१७. आपण आत्ता आत्ता आलो. आपल्या मुलाने सॉरी का म्हणायचं?

दुसऱ्याच्या घरात कोणी वारलं तर आपण ‘वाईट वाटलं’ म्हणतो. त्याचा अर्थ आपण मारलं असा नसतो. इंग्रजीतला ‘सॉरी’ दोन्हीकडे चालतो म्हणून हा घोळ. मुलाला अपराधी वाटावं अशी शाळेची अपेक्षा नाही, आणि एखाद्या वर्गात तसा सूर लागला तर बोला. पण ‘आमचा संबंध नाही’ हेही पूर्ण खरं नाही. आपण ज्या प्लॉटचे हप्ते भरतो तो ज्यांच्याकडून घेतला गेला त्यांना त्याची किंमत मिळालेली नाही. एवढं समजणं पुरे, आणि ते आठव्या वर्षी समजतं.

१८. २६ जानेवारीला आम्ही प्रजासत्ताक दिन करतो. मूल म्हणतं इथे तो शोकदिन आहे. काय करू?

दोन्ही खरं. १७८८ च्या त्या तारखेला सिडनी कोव्हमध्ये इंग्रजांचा झेंडा रोवला गेला. दीडशे वर्षांनी, २६ जानेवारी १९३८ रोजी, विल्यम कूपर, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन आदींनी सिडनीत शोकदिन पाळला. नेडॉकचं मूळ त्यात आहे. आपली तारीख निवडली गेली ती १९३० च्या पूर्ण स्वराज्य दिनावरून, म्हणजे त्याच साम्राज्याविरुद्ध. तिरंगा फडकवा, जिलेबी खा. सोबत ‘हॅपी ऑस्ट्रेलिया डे’चे फुगे एकत्र करायचे की नाही एवढंच ठरवायचं असतं. आमचं मत: एकत्र करू नका, आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रश्न १२ मधली तीन वाक्यं म्हणा.

१९. मुलाच्या वर्गातली एक मुलगी गोरी, सोनेरी केसांची आहे आणि ॲबोरिजिनल आहे म्हणते. असं कसं?

असंच असतं. ओळख रंगावर नसून कुटुंबावर आणि समाजावर असते. “अर्धी की पाव?” हे कधीच विचारायचं नाही, मुलं पळवताना सरकार हेच मोजमाप लावत होतं. आणि रेकन्सिलिएशन वीकमध्ये ‘तू सांग ना सगळ्यांना’ म्हणून त्या मुलीला उभं करू नये. वाढदिवसाला बोलवा, नेहमीसारखं.

२०. स्मोकिंग सेरेमनी आहे. मुलाला दमा आहे, आणि घरचे विचारतात हा धार्मिक विधी तर नाही?

हिरव्या पानांचा धूर करून जागा आणि माणसं शुद्ध करतात. धर्मांतर, पूजा असलं काही नाही; सहभाग ऐच्छिक असतो. दम्यासाठी: आदल्या दिवशी शिक्षिकेला लेखी कळवा, मूल वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब उभं राहील असं सांगा, निळा पफर आणि स्पेसर शिक्षिकेच्या हातात असू द्या, दप्तरात नको. लांब उभं राहणं अनादर धरला जात नाही. त्याच दिवशी बुश टकर, म्हणजे इथलं देशी रानातलं खाणं, चाखायला देणार असतील तर मॅकाडेमियाबद्दल विचारा. तो नटच आहे, आणि नटाची ॲलर्जी असणाऱ्यांना हे सुचत नाही.

२१. टोरंटोची बहीण म्हणते नारंगी शर्ट घाला. इथे पण?

नाही, ते कॅनडाचं. ३० सप्टेंबर, निवासी शाळांत नेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ. इथे मेमध्ये नारंगी शर्ट घालून मूल एकटंच उठून दिसेल.

२२. २०२३ च्या सार्वमतात आमच्या घरातच दोन मतं होती. मुलाला काय सांगायचं?

घडलं ते सांगा. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी संसदेला सल्ला देणारा ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोकांचा ‘व्हॉइस’ हा गट घटनेत घालावा का असं विचारलं गेलं, सुमारे साठ टक्के लोकांनी आणि सगळ्या सहा राज्यांनी ‘नाही’ म्हटलं. त्याने शाळेतला अभ्यास, झेंडे, नेटिव्ह टायटल काही रद्द झालं नाही. बाबांनी एक मत दिलं, आईने दुसरं, हेही मुलाला कळू द्या. वर्गात ते जाहीर करायची सक्ती कोणी करू शकत नाही.

२३. आमच्या शाळेत फक्त कपकेक होतात. पालक म्हणून काय करता येईल?

शाळेचा रेकन्सिलिएशन ॲक्शन प्लॅन आहे का, हे विचारा. शाळांसाठी तो नारागुनावाली या मंचावर मोफत बनवता येतो. रेकन्सिलिएशन ऑस्ट्रेलिया ही संस्था तो चालवते आणि नाव ङुनावल भाषेतलं आहे. त्यासाठी शाळेत गट करावा लागतो आणि त्यात पालक बसू शकतात. बहुतेक ठिकाणी जागा रिकाम्याच असतात, कारण बैठक साडेतीनला असते. पहिल्या बैठकीला तीनच मागण्या न्या: वाचनालयात ॲबोरिजिनल लेखकांची पुस्तकं किती आहेत ते मोजा, फाटकावर स्थानिक भाषेतलं स्वागत लिहा (समाजाची परवानगी घेऊन), आणि एल्डरच्या मानधनाची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढा. कपकेक राहू द्या. झेंड्याचा असेल तर फक्त काळा वर घ्यायला सांगा.